ऐनाला टांगलेले फोन

नम्रताबाई खोरीच्या पाड्यावरच्या शाळेत बदलून आल्या, त्याच आठवड्यातली गोष्ट. चौथीच्या मुलांना त्या भागाकार शिकवत होत्या. एकाएकी वरच्या डोंगराच्या धारेवरून लांबलचक आवाज आला. कुणी कुणाला बोलावतंय की कुणी दरीत पडलंय, त्यांना कळेना. हातातला खडू तसाच धरून त्या दारात आल्या. मुलं मात्र जागची हलली नाहीत. एक मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, "काय नाय झालं, बाई. अनंताकाकाचा फोन वाजला."

"कुठं वाजला?"

"ऐनावर."

"आणि ओरडलं कोण?"

"भिमीआजी."

बाईंनी वर पाहिलं. धारेवर एकटं ऐनाचं झाड होतं. त्याच्या खाली बकऱ्या विखुरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली एक काटकुळी बाई, तोंडापाशी हाताचा कर्णा करून उभी. खालच्या खाचरातून अनंता चिखलाचे पाय घेऊन चढ पळत होता. तो वर पोचला, धापा टाकत फोन कानाला लावला, आणि त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच त्या बाईचा आवाज सबंध खोऱ्यात घुमला, "पुढल्या टायमाला उगा वरडनार नाय मी, सांगून ठेवते! सासरा तुझा हाय, माझा नाय!"

मुलं खुसखुसली. नम्रताबाईंना भिमी निरगुडे पहिल्यांदा दिसली ती अशी, आवाजाच्या मागून.

खोरीचा पाडा तिन्ही बाजूंनी डोंगरात बसलेला आहे, ताटात मध्ये वाटी ठेवावी तसा. टॉवर एकच, मुरबाडच्या बाजूला दूरच्या टेकाडावर, जुन्या कंपनीचा. त्याची लहर डोंगराच्या डोक्यावरून निघून जायची, वाटीत उतरायची नाही. रेंज मिळायची ती धारेवरच्या त्या ऐनापाशी. म्हणून ज्यानं त्यानं आपापला फोन कापडाच्या पिशवीत घालून ऐनाच्या फांदीला टांगला. भिमीच्या बकऱ्या तिथंच चरायच्या, तेव्हा फोनांची राखणही तिच्याकडे आली. कुणी नेमलं नाही, तिनं विचारलं नाही. कुठली घंटी कुणाची, हे तिला आवाजावरून कळायचं, आणि मग ती त्या घराला हाळी द्यायची. प्रत्येक घराची हाळी वेगळी. अनंताची दोनदा लांब आणि शेवटी तोडलेली. रखमीची खालून वर चढत जाणारी. बाईजाची तिसरी हाळी तर सरळसरळ शिवीच असायची, कारण म्हातारीला पहिल्या दोन ऐकू येत नसत.

भिमीला राग यायला कारण लागत नाही, असं पाड्यावर म्हणायचे. ते खरं नव्हतं. कारण नेहमी असायचं. लोकांना ते मागाहून कळायचं, इतकंच. एकदा एसटीवाल्यानं डोक्यावर मोळी असलेल्या बाईजाला पाहून गाडी न थांबवता पुढं काढली. भिमी आडवाटेनं उतरून खालच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून वाजवून पाहिलं. शेवटी गाडी मागं घ्यावी लागली. बाईजा चढली, मोळी टपावर चढली, मगच भिमी उठली, आणि स्वतः मात्र त्या गाडीत बसली नाही. "मला कुठं जायचंय? बकऱ्या हायेत माझ्या," म्हणाली.

तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. एकच मुलगा, वाळू. तो बोअरच्या गाडीवर कामाला लागला. ती गाडी आज या राज्यात, उद्या त्या राज्यात. जमिनीला भोकं पाडत फिरायचं, पाणी लागलं की पुढं जायचं. जाण्याआधी त्यानं डोळखांबच्या बाजारातून आईसाठी एक बटणांचा फोन घेतला. भिमीचं आधार कार्ड तेव्हा झालेलं नव्हतं, म्हणून फोनमधलं कार्ड त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं. आईनं फोनला लाल गोफाची दोरी वळून बांधली, गळ्यात अडकवण्याजोगी.

वाळूला आकडे लक्षात राहत नसत. शाळेत पाढ्यांनी त्याला रडवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भिमी त्याला नम्रताबाईंकडे घेऊन आली. "बाई, ह्याला येक नंबर तेवढा पाठ करून द्या. बाकी नाय आलं तरी चालंल." बाईंनी तो नंबर दोन-दोन आकड्यांनी तोडला आणि कांबड नाचाच्या ठेक्यावर बसवला. वाळू शाळेच्या पायरीवर बसून पाय आपटत तो म्हणत राहिला. संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या लहान पोरांनाही तो पाठ झाला होता.

वाळूचा स्वतःचा फोन फार दिवस टिकला नाही. खड्ड्यात वाकून बघताना खिशातून सटकला आणि थेट बोअरमध्ये गेला. "आये, माझा फोन पाताळात पोचला. तिकडं रेंज असंल," असं तो नंतर कुणाच्या तरी फोनवरून हसत हसत सांगत होता. त्यानंतर त्यानं फोन घेतलाच नाही. दिवाळीला आणि शिमग्याला, ज्या कुणाचा फोन हाताला लागेल त्यावरून, तो ठेक्यावरचा नंबर लावायचा. दर वेळी नंबर निराळा. परत त्यावर लावून पाहिलं तर पलीकडून कुणीतरी तिसरीच भाषा बोलायचा. म्हणजे आईला मुलाकडे जायची वाट नव्हती. मुलालाच आईकडे यायची एक वाट होती, आणि ती त्या ऐनाच्या फांदीला लाल दोरीनं बांधलेली होती.

वर्षं गेली. नम्रताबाई निवृत्त होऊन मुरबाडला राहायला गेल्या. ऐनावरचे फोन तसेच वाजत राहिले.

मग त्या वर्षी संक्रांतीनंतर डोळखांबच्या बाजारात भावेशच्या दुकानावर मोठा फलक लागला. जुना द्या, नवा घ्या, भारतभर बोला. भावेश किन्हवलीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, तोंडात साखर घोळवणारा. खोरीच्या पाड्यावरची माणसं वालाच्या शेंगा घेऊन बाजारात आली होती, त्यांना त्यानं एकेकाला नावानं हाक मारून आत घेतलं.

"मावशी, ह्यो डबा किती दिवस वागवनार? जमाना फोर जीचा आला. तुमचा टू जी, त्याची गाडी गेली आता. ह्याच्यात गानी बघा, पिच्चर बघा, आरत्या बघा."

"मला गानी नको," भिमी म्हणाली. "वाजतो का, ते सांग."

"वाजतो म्हंजे? आता वाजवून दाखवतो की." त्यानं वाजवला. खणखणीत वाजला. वाजणारच. नव्या कंपनीचा टॉवर त्याच बाजारपेठेच्या मागं उभा होता.

"आन् आमच्या पाड्यावर?"

"पाड्यावर, रानात, दरीत. भारतभर, मावशी!"

भावेशनं खोरीचा पाडा जन्मात पाहिलेला नव्हता. पाड्याचा फाटा कुठून फुटतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण 'भारतभर' हा शब्द त्याच्या तोंडून असा सुटला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा नुकताच सगळीकडे फिरून आलाय.

पाड्यानं फोन दिले. अनंतानं दिला, रखमीनं दिला, बाईजानं दिला. भिमीची पाळी आली तेव्हा तिनं आधी कमरेचा कोयता काढला. भावेश दोन पावलं मागं सरला. भिमीनं फोनच्या भोकातली लाल दोरी ओढून पाहिली. गाठ बसलेली, निघेना. तिनं गाठीच्या वरून दोरी कापली, गुंडाळून कनवटीला लावली आणि फोन पुढं केला.

"मावशी, दोरी घेऊन काय करनार?"

"बैल विकला तरी दावं देत नसतात. दावं दिलं की गोठा बसतो."

दुकानातली माणसं हसली. पाड्यावरचं कुणी हसलं नाही. गुरं विकताना दावं घरी ठेवायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"आन् आतलं कार्ड?" रखमीनं विचारलं.

"त्ये दुसऱ्या कंपनीचं. ह्या फोनात चालत नाय. नवं कार्ड, नवा नंबर. राहू द्या तिकडंच." भावेशनं फोन कार्डासकट गोणीत टाकला.

नवा नंबर, हे शब्द भिमीनं ऐकले. पण तिच्या मनाला ते टोचले नाहीत. तिच्या लेखी नंबर हा माणसाचा असतो, नावासारखा. माणसानं नवं लुगडं नेसलं म्हणून त्याचं नाव बदलत नाही. वाळूच्या ठेक्यातला नंबर हा भिमीचा नंबर. तो नखाएवढ्या कार्डात राहतो आणि कार्डाबरोबर गोणीत जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दावं जपलं आणि बैल देऊन आली.

नवे फोन ऐनावर चढले. एकही वाजला नाही.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. अनंता म्हणाला, "नवा बैल आनला की चार दिवस वैरनीला तोंड लावत नाय. रुळंल." ते सगळ्यांना पटलं. बाईजानं फोनांना हळदकुंकू लावलं. अनंतानं त्यांची फांदी बदलली, मग तोंडं फिरवली, मग एक दिवस सगळे खाली उतरवून पुन्हा एकेक करून वर चढवले. बाजारात विचारलं तर भावेश म्हणायचा, "नवीन हाय ना? नेटवर्क पकडायला टाइम लागतो." म्हणजे त्यालाही रुळण्याचंच कारण सोयीचं होतं. भिमी रोज ऐनाखाली बसायची. कान वर, गळा गप्प. खालून पोरं विचारायची, "आजी, आज वरडली नाय गो?"

"वरडायला तोंडाला काय रोग नाय झाला माझ्या," ती करवादायची.

माघ सरत आला. भाताच्या रोपांसाठी खाचरांत राब भाजायचे दिवस आले. पालापाचोळा पसरताना रखमी सहज म्हणाली, "धसईची बहीन भेटली बाजारात. माझ्यावर रुसलीय. म्हनते, किती लावला तुझा नंबर, येक बाई सारखी सांगते, फोन बंद हाय. मी म्हनलं, अगो, नंबर बदलला माझा. ती म्हनते, मग मला कोन सांगनार?"

भिमीच्या हातातला पाला खाली गेला.

"मंग माझा पन बदललाय?"

"सगळ्यांचाच बदललाय, भिमे."

"आन् वाळू कुठं लावंल?"

शिमगा तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी बकऱ्या अनंताच्या हवाली करून भिमी डोळखांबला गेली. बाजाराचा दिवस नव्हता. भावेश एकटाच मोबाईल बघत बसला होता. तिनं नवा फोन काउंटरवर आपटला.

"माझा फोन दे."

"मावशी, ह्योच तर तुमचा फोन."

"माझा म्हनते मी. लाल गाठीचा. कार्ड आतमदी हाय. त्याच्यावर माझा पोरगा बोलतो."

भावेशनं गोड तोंड केलं. "त्यो आता कुठं? गोनी गेली कल्यानला, भंगारवाल्यानं नेली. पन काळजी करू नका. मुरबाडला जुन्या कंपनीचं हापिस हाय. तिथं त्याच नंबराचं दुसरं कार्ड देतात. आधार घेऊन जावा."

भिमी जीपनं आणि मग एसटीनं मुरबाडला आली. नम्रताबाईंच्या दाराशी उभी राहिली तेव्हा बाईंनी तिला आधी पाणी दिलं. पाणी न पिता तिनं सगळं सांगितलं. बाई पायात चपला घालूनच तिच्याबरोबर निघाल्या.

काउंटरवरच्या तरुणानं नंबर विचारला. भिमीला तो म्हणता येईना. नम्रताबाईंनी बोटांनी टेबलावर हलका ठेका धरला आणि नंबर सांगितला. त्यानं पडद्यावर पाहिलं.

"हे वाळू निरगुडे यांच्या नावावर आहे."

"माझाच पोरगा त्यो."

"मग त्यांना घेऊन या."

"त्यालाच तर बोलवायचं हाय."

"मग बोलवा."

"कशावर?"

तरुणानं तिच्याकडे पाहिलं, मग नम्रताबाईंकडे. "मॅडम, ज्याच्या नावावर कार्ड त्यालाच देता येतं. नियम आहे."

नम्रताबाईंनी त्याला समजावून सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, त्यांची रीतच तशी. मुलगा कुठं आहे ते ठाऊक नाही, तो याच नंबरावर फोन करणार, आणि तोही शिमग्याला. तरुणानं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

"बरं, मग ह्यात तुमचं दुसरं येखादं कार्ड घाला," भिमीनं नवा फोन पुढं केला. "तुमचा टॉवर पोचतो आमच्या ऐनावर. निदान पाड्याचं तरी भागंल."

"ह्यात नाही चालणार. हा फोन त्या कंपनीला बांधलेला आहे. तिचंच कार्ड घेतो. आणि तिची लहरही निराळी, तुमच्या भागात ती नाहीच."

"बांधलेला?" भिमीनं फोन उलटासुलटा करून पाहिला. "फोन माझ्या हातात, आन् दावं त्यांच्या हातात?"

"असंच काहीसं, आजी. आणि ते जुनं कार्ड लवकर सापडलं तर बघा. रिचार्ज न होता पडून राहिलं तर नंबर बंद होतो. मग तो दुसऱ्याला दिला जातो."

"दुसऱ्या कुनाला?"

"कुणालाही."

भिमीचा आवाज असा चढला की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "म्हंजे माझा पोरगा आये म्हनून हाक मारंल, आन् कुनी भलताच त्याला राँग नंबर म्हनून सांगंल? आन् तुमी म्हननार, नियम हाय? त्याला वाटंल आये मेली! नियमानं मेली!"

तरुणानं मान खाली घातली. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. ज्यांच्या हातात होतं ते त्या काउंटरवर कधी बसत नाहीत. रागवायला समोर नेहमी असाच कुणीतरी मिळतो.

एसटी स्टँडवर नम्रताबाईंनी चहा मागवला. भिमीनं पेला हातात घेतला नाही.

"बाई, तुमी लय गोड बोललात. गोड बोलून काय झालं?"

बाईंनी आपला पेलाही खाली ठेवला.

"उद्या बाजार हाय," भिमी म्हणाली आणि डोळखांबच्या गाडीकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाजार भरात आला होता. भावेशच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, फलक तसाच झळकत होता. भिमी दुकानात शिरली नाही. समोरच्या मोकळ्या जागेत, मिरच्यावाली आणि सुकट विकणारी यांच्या मध्ये ती उभी राहिली. लुगडं खोचलं. तोंडापाशी हाताचा कर्णा केला.

आधी अनंताची हाळी, दोनदा लांब आणि शेवटी तोडलेली. मग रखमीची, खालून वर चढत जाणारी. जी हाळी खोऱ्यापार पोचायची ती त्या बाजारपेठेत पत्र्यांवर आदळून परत आली. मिरच्यावालीनं कान झाकले. बाजाराच्या त्या टोकाला भाताच्या पोत्याचा भाव करणारा अनंता पोतं तिथंच टाकून धावत सुटला. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले. रखमी आली. पाड्यावरचं घर न घर आलं. बाईजा तिसऱ्या हाळीला आली, तेव्हा अर्धा बाजार हसला, पण जागचा हलला नाही. काय चाललंय ते सगळ्यांनाच बघायचं होतं.

"काय झालं गो? कुनाचा फोन?" अनंतानं धापा टाकत विचारलं.

"कुनाचाच नाय!" भिमी म्हणाली. "त्येच तर सांगते. पाड्यावर कुनाचाच फोन नाय, आन् हा म्हनतो भारतभर! विचारा त्याला, आमचा पाडा भारतात येतो का नाय!"

भावेश बाहेर आला. "मावशी, गिऱ्हाइकासमोर काय ह्ये? हळू बोला जरा."

"हळू बोलायची सोय तू ठेवलीस? ऐनाखाली गप्प बसून बसून माझा गळा गंजला. जुने फोन काढ."

"सांगितलं ना, गोनी कल्यानला गेली."

दुकानाच्या आतून, बांगड्यांच्या फळीमागून एक बाईमाणूस डोकावलं. भावेशची बायको, कुणाली. "कल्याणला कधी गेली हो?" ती सहज म्हणाली. "माळ्यावर आहे ना? उंदरांनी भोक पाडलंय तिला. शिमग्यानंतर माणूस येणार म्हणालात ना न्यायला?"

भावेशनं बायकोकडे असं पाहिलं की ती पुन्हा फळीमागं गेली. पण शब्द बाहेर पडला होता.

भिमी ओरडली नाही. तिचा आवाज खाली आला, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्यांना कळलं की हे ओरडण्याहून वाईट आहे.

"तू मला मुरबाडला धाडलंस. त्या पोरापुढं मी भीक मागितली. माझ्या बाईंना मागायला लावली. आन् गोनी तुझ्या डोक्यावर व्हती."

"मावशी, एवढ्या फोनांत कुठं शोधत बसनार..."

"मी शोधते. काढ."

गोणी खाली आली. अनंतानं ती दुकानाच्या पायरीवर पालथी केली. सगळे फोन एकाच घडणीचे, काळे, बटणं झिजलेले. दुसऱ्या कुणाला त्यांत फरक सांगता आला नसता. भिमी पायरीवर बसली आणि एकेक उचलून डोळ्यांशी धरू लागली. डोळ्यांपेक्षा तिचा अंगठाच शोधत होता, कोपऱ्यातलं भोक चाचपत. मधेच अंगठा थांबला. भोकात लाल गाठ अडकलेली होती, वरून कोयत्यानं तोडलेली, दोन्ही टोकं फिसकटलेली.

तिनं कनवटीची दोरी सोडली. तुटकं टोक तुटक्या टोकाशी लावून पाहिलं. जुळलं. तिनं दोन्ही टोकांना गाठ मारली आणि मग नखानं मागचं झाकण काढलं. बॅटरीखाली कार्ड होतं.

कुणाली फळीमागून बाहेर आली, नवऱ्याकडे न बघता चार्जर घेऊन आली आणि फोन चार्जिंगला लावून दिला. पडदा उजळला. मागच्या दिवाळीचा वाळूचा शेवटचा फोन त्यात अजून दिसत होता. शेजारच्या दुकानातल्या पोराकडून भिमीनं तिथल्या तिथं त्यावर रिचार्ज मारून घेतला. बाकीच्यांनीही आपापले फोन हुडकले, कुणी फुटक्या कोपऱ्यावरून, कुणी उमटलेल्या हळदीवरून. नवे फोन एकावर एक काउंटरवर जमा झाले.

"ह्यांचं मी काय करू?" भावेश रडकुंडीला आला. "कंपनी परत घेत नाय, मावशी. मी पन बांधलेलाच हाय."

"बांधलेला असशील. पन गोनी कल्यानला गेली, असं सांग म्हनून कंपनीनं सांगितलं व्हतं का?"

भिमी उठली, फोन गळ्यात अडकवला. जाता जाता फलकाकडे बोट करून म्हणाली, "भारतभर त्ये पुस आधी."

होळी पेटली, विझली. धुळवडीच्या दिवशी पाडा रंगला होता, पण भिमी सकाळपासून ऐनाखाली होती. बकऱ्यांनाही कुणीतरी गुलाल फासला होता. फोन फांदीला नव्हता. तिच्या मांडीवर होता.

उन्हं चढल्यावर तो वाजला.

"आये?"

"मेल्या," भिमी म्हणाली.

"का गो? सनासुदीला शिव्या देतेस?"

"जिता हायेस ना?"

"जिता हाय म्हनून तर बोलतो. तू बरी हायेस ना? आवाज असा का येतोय?"

"वरडून बसलाय. कुठं हायेस?"

"लांब हाय. गावाचं नाव नाय येत घेता. पानी पन नाय लागलं अजून."

"पानी लागू दे नायतर नको लागू दे. तू ये."

"येतो की पावसाला. घरी..."

"घरी नको. आधी मुरबाडला ये. स्टँडवर उभा राहा. ह्यो फोन तुझ्या नावावर हाय, आन् तुझ्या नावापायी मी दारोदार फिरले. आधी त्ये काम, मंग भाकर."

पलीकडून वाळू हसला. ती हसली नाही.

वाळू पावसाच्या तोंडावर आला. भिमी त्याला स्टँडवर भेटली, त्याची पिशवी स्वतः उचलली आणि घराची गाडी सोडून त्याला सरळ त्या कार्यालयात नेलं. काउंटरवर तोच तरुण होता. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्च्या पुढं केल्या. परतताना नम्रताबाईंकडे तिनं चहा घेतला, दोन कप.

पाड्याचे फोन पुन्हा ऐनाला टांगलेले असतात. डोळखांबच्या बाजारात भिमी आता भावेशच्या दुकानासमोरच भाजी लावते. कुणालीशी बोलते, भावेशशी बोलत नाही. दुकानातून कुणी नव्या फोनची पेटी घेऊन निघालं की त्याला थांबवून विचारते, "जुन्यातलं कार्ड काढलंस का?" तिचं कार्ड आता तिच्याच नावावर आहे.